जांभळ्या अंगठ्याची हजेरी

मित्रांनो, आधी एक विनंती. माझं झाकण उघडं दिसलं म्हणून गंमत म्हणून माझ्यावर बोट टेकवू नका. डाग आठ दिवस जात नाही, आणि एकदा टेकलेलं बोट मी विसरत नाही. मी माण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या टेबलावरचा जुना शाईचा पॅड आहे. गावाचं नाव विचारू नका. दहिवडीहून एसटीनं तासभर आत जायचं, उतरलं की समोर पाण्याची टाकी आणि टाकीमागं आमचं कार्यालय, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आणखी चार गावं म्हणतील की ही आमचीच गोष्ट आहे, आणि नसती भांडणं माझ्या गळ्यात पडतील.

माझा जन्म शिरवळचा, एका पत्र्याच्या शेडमधला. निळा पत्र्याचा डबा, आत नमद्याचा, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीचा, जाड थर आणि वर ताणून बसवलेलं पातळ कापड. ते कापड ज्या बाईनं ताणलं तिच्या अंगठ्याला सुया टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. तो मला कळलेला पहिला अंगठा. पुढं दहिवडीच्या एका दुकानात दोन महिने वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबून काढले, आणि मग एक दिवस आमच्या पंचायतीचा शिपाई केरबा मला पिशवीत घालून गावात घेऊन आला.

केरबा स्वतः अंगठेबहाद्दर. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक माणूस आणि प्रत्येकाचं कुत्रं त्याला ठाऊक. दर सोमवारी सकाळी तो मला बाटलीतून शाई पाजायचा, मोजून आठ थेंब, आणि कापडावरून बोट फिरवून विचारायचा, भागली का रं तहान? मला फार आवडायचं ते. माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

आता तुम्ही म्हणाल, पॅडला काय कळतं? अहो, मलाच तर कळतं! सही उतरवता येते, वळण शिकता येतं. अंगठ्याचं तसं नाही. प्रत्येकाच्या रेषा वेगळ्या, दाब वेगळा, ऊबही वेगळी. मेंढरं कातरणाऱ्यांच्या अंगठ्याला कातरीचे घट्टे असतात. मुंबईत माथाडीचं काम करून आलेल्यांचे अंगठे चपटे झालेले असतात. आणि ज्या बायकांनी आयुष्यभर तव्यावरच्या भाकरी हातानं उलटल्या त्यांच्या रेषा इतक्या पुसट, की केरबाला दोनदा दाबून घ्यावं लागायचं. गाव मला चेहऱ्यानं माहीत नाही. मला गाव बोटांनी माहीत आहे.

माझं मुख्य काम ग्रामसभेला. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. गावाच्या मालकीचं काय करायचं हे तिथं विचारून ठरतं, आणि आमच्यासारख्या गावात तिला निदान शंभर मतदार हजर लागतात. त्याला सगळे कोरम म्हणतात. आमच्याकडं शंभर माणसं आणायची कुठून? निम्मे पुरुष मुंबईला, मेंढरंवाले सहा महिने कऱ्हाडकडं नाहीतर कोकणच्या वाटेवर, आणि बायका पाण्यामागं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. टँकर मागायला ठराव हवा होता आणि ठरावाला शंभर माणसं. सभेला चौतीस आली. तेव्हा केरबानं रजिस्टर काखेत घेतलं, मला खिशात टाकलं आणि दारोदार निघाला. प्रत्येक दारात थांबून सांगायचा, टँकर मागायचाय, पटत असंल तर अंगठा द्या. लोकांनी दिला. चौथ्या दिवशी टँकर आला. पुढच्या सभेत केरबाला नारळ आणि टोपी देऊन सत्कार झाला, टाळ्या झाल्या. मला कुणी नारळ दिला नाही, पण त्या दिवशी मीही फुगलो होतो हे कबूल करतो. त्या फिरण्याला गावात नावच पडलं, हजेरी फिरवणं.

खरं सांगू? गडबड तिथंच सुरू झाली, आणि ती चांगल्या कामातून सुरू झाली म्हणून कुणाला दिसली नाही.

पुढं प्रत्येक सभेची हजेरी फिरू लागली. पहिल्या वर्षी बायका विचारायच्या, कशाचा हाय रं अंगठा? दुसऱ्या वर्षी विचारणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी तर चुलीपुढून न उठता हात मागं करायच्या, केरबा तो धरून टेकवायचा आणि पुढच्या दारी जायचा. केरबानंही सांगणं सोडून दिलं होतं, कारण त्यालाच ठाऊक नसायचं. मग एकदा एक म्हातारी मिरजेला दवाखान्यात होती. तिनं फोनवर सांगितलं, माज्या नावानं तूच दे की. केरबानं स्वतःचा अंगठा तिच्या नावापुढं उठवला. मला तो लगेच कळला. मी मनात म्हटलं, असू दे, तिनं सांगितलंय. नंतरच्या सभेला तिघांच्या नावापुढं त्याचा अंगठा उठला, आणि त्यातल्या कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पुढं त्याचे गुडघे धरले तेव्हा त्यानं फिरणंच बंद केलं. कार्यालयात बसून तो हजेरी पुरी करू लागला. मीही काही बोललो नाही. मला बोलता येत नाही हे खरं, पण येत असतं तर बोललो असतो का, याची मला आजही खात्री नाही.

याच काळात बाळासो वारला. बाळासो मेंढपाळ, केरबाचा लहानपणापासूनचा सोबती. गावाच्या उत्तरेला बिरोबाचा माळ म्हणून गायरान आहे, त्या माळावर दोघं एका कांबळ्यात वाढलेले. त्याला माती दिली ती त्याच माळाच्या कडेला. त्याची बायको अंबूबाई आता एकटी साठेक मेंढरं सांभाळायची, आणि ती मेंढरं पावसाळ्यात त्या माळावरच जगायची. मतदार यादीतून मेलेल्याचं नाव काढायला अर्ज द्यावा लागतो. तो कुणी दिला नाही. त्यामुळं कागदावर बाळासो जिवंतच राहिला, आणि त्याच्यासारखे आणखी दहा जण.

एके दिवशी सरपंच हंबीरराव एक मोठा नकाशा घेऊन आले. एका कंपनीला सौरऊर्जेसाठी बिरोबाचा माळ हवा होता. हंबीरराव वाईट माणूस नव्हेत, हे मी आधीच सांगून ठेवतो. सैन्यातून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. कंपनी शाळेला दोन खोल्या बांधून देणार होती, चार पोरांना काम लागणार होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, चार घरच्या मेंढरांसाठी अख्ख्या गावानं मागं राहायचं का? हा प्रश्न वाजवीच होता. पण तो सभेत विचारायला हवा होता, आणि त्यांनी तो फक्त स्वतःला विचारला.

ती सभा भर दुपारी झाली. उन्हानं छपराचा पत्रा तडतडत होता. सतरंजीवर सात माणसं होती आणि त्यातली दोन पेंगत होती. सभेचं चित्रीकरण वर पाठवावं लागतं, म्हणून ग्रामसेवक जयराज भाऊसाहेबांनी खिडकीत मोबाइल लावून ठेवला आणि यादी वाचायला घेतली. ते सांगलीकडून नुकतेच बदलून आलेले, गावातली दहा माणसंसुद्धा त्यांना नावानं ठाऊक नव्हती. ते नाव वाचायचे, केरबा हजर म्हणायचा आणि रजिस्टरात अंगठा उठवायचा.

मित्रांनो, रिकाम्या खोलीत नावं पुकारलेली कधी ऐकलीत का? नाव पुकारलं की ते जरा वेळ तिथंच थांबतं, कुणी घेतंय का बघतं. केरबा प्रत्येक नाव घेत होता. कधी जाड आवाजात हजर, कधी नाकातून हजर, बायकांच्या नावाला बारीक आवाजात हजर. सुरुवातीला त्या सात जणांना हसू येत होतं. चाळिसाव्या नावानंतर कुणी हसेना. एक जण उठला आणि बाहेर टाकीच्या सावलीत जाऊन बसला. केरबानं सगळे ठसे सारखे दिसू नयेत म्हणून आधी उजवा अंगठा वापरला, मग डावा, मग एकेक बोट. दहाही बोटं झाली तेव्हा त्यानं चपला काढल्या. मला डोळे मिटता आले असते तर मी मिटून घेतले असते.

मग बाळासोचं नाव आलं. केरबा गप्प झाला. भाऊसाहेब वर न बघता म्हणाले, घ्या पुढं. केरबानं पुन्हा हाताचा अंगठा माझ्यावर टेकवला. इतका वेळ घासून घासून तो अंगठा चांगला तापला होता. त्या एका नावाला तो गार लागला. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार. त्यानं तो कागदावर उठवला, तोंडानं काहीच बोलला नाही, आणि पुढच्या नावाला अंगठा पुन्हा ऊन झाला. मला जे कळलं तेच सांगतो आहे, त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही.

ठराव त्या सभेत कुणी वाचलाच नाही. भाऊसाहेबांनी तो संध्याकाळी निवांत बसून लिहिला, सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून हंबीररावांचं नाव घातलं. अनुमोदक मेंढपाळांपैकी असला तर पुढं तक्रार येणार नाही, म्हणून त्यांनी यादीतलं एक मेंढपाळाचं नाव उचललं. ते बाळासोचं होतं. केरबा तिथंच केर काढत होता. भाऊसाहेबांनी नाव मोठ्यानं उच्चारून लिहिलं, केरबाचा झाडू थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

त्यानंतर केरबाचं काहीतरी बिघडलं. अंगठ्याचा जांभळा रंग जाईना. चुना लावला, रॉकेल लावलं, राखेनं घासलं, तरी तो तसाच. मग स्वस्त धान्याच्या दुकानातल्या यंत्रानं त्याचा अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, पुसून लाव. पुसून लावला, तरी नाही. नऊ बोटं लावून झाली, यंत्र प्रत्येक वेळी हा माणूस कुणी नाही असंच सांगत राहिलं. पुढच्या सोमवारी तो मला शाई पाजायला बसला तेव्हा मलाही ते जाणवलं. त्याच्या अंगठ्याच्या रेषा बुजत चालल्या होत्या.

आणखी एक गोष्ट झाली, ती केरबानंच मला सांगितली. दहिवडीच्या बाजारात मागून कुणीतरी आपल्या माणसाला हाक मारली, बाळासो! केरबा वळला आणि म्हणाला, ओ. वळल्यावर त्याला घाम फुटला. त्याच आठवड्यात त्यानं आणखी दोन नावांना ओ दिली, आणि ती दोन्ही माणसं कधीच वारलेली होती. तो मला म्हणाला, “गड्या, ती समदी माज्यात येऊन बसल्यात. मी हजर म्हणून बसलोय न्हवं.”

माळावर पांढरे रंगवलेले दगड रोवले गेले तेव्हा अंबूबाईला कळलं. मेंढरं घेऊन ती नेहमीच्या वाटेनं गेली तर एका माणसानं तिला अडवलं. ती तशीच, काठी हातात घेऊन, कार्यालयात आली. ओरडली नाही, भांडली नाही. कुणी दिला आमचा माळ, एवढंच तिनं विचारलं. भाऊसाहेबांनी ठराव काढला आणि शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या, सूचक हंबीरराव, अनुमोदक बाळासो.

अंबूबाईनं अगदी हळू विचारलं, “मालक आलं व्हतं व्हय सभेला?”

भाऊसाहेबांना काही कळेना. आले असतील, मागं बसले असतील, असं काहीतरी ते म्हणाले. “कवा आलं?” ती म्हणाली. “डोक्याला फेटा व्हता का नुसतंच? माझी चौकशी केली का त्यांनी?”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता, ती खरंच विचारत होती. हंबीररावांनी मान खाली घातली. केरबा मागच्या दारानं निघून गेला. भाऊसाहेबांनी गोंधळून विचारलं, का, ते घरी नसतात का? तेव्हा ती म्हणाली, “दोन वर्सं झाली, भाऊसाहेब. त्याच माळाच्या कडंला माती दिलीया त्यास्नी.” भाऊसाहेबांनी ठराव टेबलावर पालथा ठेवला.

तिनं तालुक्याला अर्ज दिला. महिन्याभरानं चौकशीला विस्तार अधिकारी शिवांजली मॅडम आल्या. तरुण होत्या, कमी बोलायच्या, आणि पाणी पिण्याच्या आधी रजिस्टर बघायच्या. त्यांनी भिंग लावून ठसे पाहिले आणि केरबाकडं एकदा पाहिलं. मग त्यांनी सभेचं चित्रीकरण लावायला सांगितलं. खोलीत हंबीरराव, भाऊसाहेब, केरबा आणि अंबूबाई. मी टेबलावर होतो.

मोबाइलमधून ती दुपार पुन्हा सुरू झाली. नाव, हजर. नाव, हजर. केरबाचे ते सगळे आवाज. बाळासोचं नाव आलं. मला ठाऊक होतं की आता काही ऐकू येणार नाही. मी तिथं होतो ना, केरबा बोललाच नव्हता! आणि मोबाइलमधून आवाज आला, हजर. खोल, जरा घोगरा, खोकला दाबून बोलल्यासारखा.

केरबा उभा राहिला. “मॅडम,” तो म्हणाला, “बाकी समद्यास्नी म्या हजर म्हणलो. बाळासोच्या नावाला म्या तोंडच उघडलं न्हाई. देवाशपथ न्हाई.”

एवढं बोलून तो थांबला. एक नाकारताना बाकी सगळं आपण कबूल करून बसलो, हे त्याला मागाहून कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडू लागला. मॅडमनी तेवढा तुकडा पुन्हा लावला. मग अंबूबाईनं लावायला सांगितला, आणि तिसऱ्यांदा ती मोबाइलला कान लावून ऐकत राहिली.

हंबीरराव घसा साफ करून म्हणाले, म्हणजे कुणीतरी हजर तर म्हणालंच की.

अंबूबाईनं मान वर केली. “आलं असतील मालक,” ती म्हणाली. “माळाची गोष्ट व्हती, त्ये आलं असतील. पर हजर म्हंजे कबूल न्हवं, सरपंच. इचारलं का त्यास्नी कुणी?”

मॅडमनी चित्रीकरण शेवटपर्यंत पाहिलं. कुणालाच विचारलेलं नव्हतं. त्यांनी अहवाल पाठवला, ठराव रद्द झाला आणि नव्यानं सभा घ्यायचा आदेश आला. या वेळी मॅडम स्वतः हजर राहणार होत्या आणि रजिस्टर कार्यालयाबाहेर जाणार नव्हतं. केरबाला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. सोमवारी मला शाई पाजायला कुणी आलं नाही.

आता यात एक गोम होती, ती मॅडमनीच अंबूबाईला समजावून सांगितली. शंभर मतदार आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. पाच माणसांतही तोच ठराव मंजूर होऊ शकतो. म्हणजे माळ वाचायचा तर आधी शंभर माणसं यायला हवी होती, खरी आणि आपल्या पायांनी. अंबूबाई पंधरा दिवस दारोदार फिरली. तिच्या हातात ना रजिस्टर ना पॅड. माझ्या बाजूनं या असंही ती म्हणाली नाही. या, आन् काय वाटतंय त्ये सांगा, एवढंच म्हणायची.

सभा सकाळी अकराची होती आणि मॅडमनी एकपर्यंत वाट पाहायचं ठरवलं होतं. लोक आले. मेंढरं वाटेवर सोडून कऱ्हाडकडचे चौघे आले. मुंबईहून गाडी पकडून काही जण आले. सहीवाले सह्या करत होते, बाकीचे माझ्याकडं येत होते, आणि कितीतरी वर्षांनी मला माझं गाव पुन्हा बोटांनी भेटलं. घट्टे, चपटे अंगठे, पुसट रेषा. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. एकशेतीन नावं झाली. मग मॅडमनी तपासणी केली. तीन लेकी लग्न होऊन दुसऱ्या गावच्या मतदार झालेल्या, एक पोरगी अजून अठराची नव्हती. ती चार नावं कमी झाली. नव्याण्णव.

एक वाजायला पंधरा मिनिटं कमी होती. यादीत गावात असूनही न आलेलं एकच नाव उरलं होतं. केरबा बाहेर टाकीखाली बसला होता. कुणीतरी दारातून हाक मारली, केरबा! तो हलला नाही. दोघातिघांनी हाका मारल्या. तो समोर बघत बसून राहिला, जणू ते नाव दुसऱ्या कुणाचं होतं. मागून एक म्हातारा पुटपुटला की बाळासो म्हणून हाक मारा, येतोय का बघा. कुणी हसलं नाही. शेवटी अंबूबाई उठून बाहेर गेली, त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्याला आत आणलं.

त्यानं अंगठा माझ्यावर टेकवला. मित्रांनो, मी त्याला ओळखलं नाही. आठ थेंब मोजून पाजणारा माझा केरबा, आणि मला त्याच्यात एक रेष सापडली नाही. कागदावर जांभळा गोळा उठला, आत नुसता कोरा.

हंबीरराव उभे राहिले. ते म्हणाले, हा अंगठा नाही, हा डाग आहे. ज्यानं गावाच्या नावानं अंगठे दिले त्याचा अंगठा खरा कशावरून? आणि त्यांचं चुकत नव्हतं. मॅडमनी विचार केला आणि सांगितलं की इथल्या एखाद्या मतदारानं या माणसाची ओळख पटवली आणि त्याच्या ठशाशेजारी स्वतःची निशाणी दिली तर मी तो धरीन. त्यांनी सभेकडं पाहिलं.

कुणी उठेना. सगळ्यांचे डोळे जमिनीकडं. सगळ्यांचा राग होता केरबावर, प्रत्येकाच्या नावाला त्यानं बोट लावलं होतं. भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं. केरबा आपल्या हाताकडं बघत उभा होता.

अंबूबाई पुढं आली. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, वेळ घेऊन पाहिलं.

“मी वळखती,” ती म्हणाली. “ह्यो केरबा. माझ्या मेलेल्या मालकांचा खोटा अंगठा दिला त्यो ह्योच, आन् आता सवताचा खरा द्यायला आलाय त्योबी ह्योच. लिवा, मॅडम.”

तिनं तिचा अंगठा माझ्यावर टेकवला आणि त्या कोऱ्या गोळ्याशेजारी उठवला. शंभर झाले. केरबानं तोंडावर हात धरला, आणि हाताआडून त्याचा आवाज आला, हजर. तो त्याचा स्वतःचा आवाज होता. बऱ्याच दिवसांनी ऐकला मी.

मग ठराव मोठ्यानं वाचला गेला, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. हंबीररावांनी शाळेच्या खोल्यांचं सांगितलं, आणि ते ऐकून घेतलं गेलं. मेंढरंवाल्यांनी पावसाळ्याचं सांगितलं, तेही ऐकलं गेलं. दोन तास लोक भांडले. हात वर झाले तेव्हा बासष्ट माळ ठेवायच्या बाजूचे होते, छत्तीस द्यायच्या बाजूचे, आणि दोघांनी कुठंच हात केला नाही. माळ राहिला. अंबूबाईनंच मग उठून सांगितलं की शाळेच्या खोल्या मात्र पाहिजेतच, त्यासाठी रस्त्याकडची पडीक जागा कंपनीला विचारा. हंबीररावांनी ते लिहून घेतलं.

शेवटी मॅडमनी मृतांची अकरा नावं वाचून हजेरीच्या रजिस्टरातून एकेक कमी केलं. बाळासोचं नाव आलं. कुणी हजर म्हणालं नाही. मॅडमनी रेघ मारली तरी अंबूबाई जरा वेळ कान देऊन बसली होती.

आता माझं काम फार राहिलं नाही. कापड मधोमध झिजलंय, डब्याला गंज चढलाय. नवा शिपाई मला शाई पाजायला विसरतो, आणि मी तक्रार करत नाही. पण केरबा अजून येतो. काम नसलं तरी दुपारी येऊन पायरीवर बसतो, मला हातात घेतो आणि अंगठा माझ्यावर ठेवून बघतो.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही दारात कुणीतरी कागद घेऊन येईल. ओळखीचा असेल, घाईत असेल, चांगलाच माणूस असेल. त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि हात पुढं करायच्या आधी विचारा, कशासाठी? आणि जे तिथं नाहीत त्यांना कुणी विचारलं का, तेही विचारा. न विचारता गेलेला अंगठा सहज परत येत नाही. केरबाच्या अंगठ्यावर रेषा अजून उमटलेल्या नाहीत. मी रोज बघतो.